ब्रेकमधली हवा

विमानाच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर बसून पेडल दाबतो. दुसरा खाली चाकाशी आडवा पडून नळीच्या टोकाचं निपल उघडतो, आणि तेलात अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. वरच्यानं पाय तसाच रोवून धरायचा. खालच्यानं निपल बंद करून 'सोडा' म्हटलं की मगच उचलायचा. आधी उचलला तर नळी उलटी हवा ओढून घेते आणि सगळं मुसळ केरात. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. 'दाबा', 'दाबलं', 'धरा', 'सोडा', एवढेच शब्द मध्ये फिरतात.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी असा आडवा पडून बोललो, आणि तेही सात-आठ महिने, दर रविवारी.

लढाई संपल्यावर विमानदलानं आमच्यासारख्यांना घरी पाठवलं. मी हायड्रॉलिक फिटर होतो. हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. विमानाचे पाय पोटात घ्यायचे, बाहेर काढायचे, ब्रेक लावायचे, ही कामं तेल करतं, आणि ते तेल जिथं गळतं तिथं माझी नेमणूक. आमचं गाव सातारच्या बाजूला, कृष्णाकाठी. घरी थोरला भाऊ, वहिनी, त्यांची मुलं आणि ऊस. बायको नव्हती. मी आसामात असताना ती तापानं गेली. भावाचं पत्र मला दोन महिन्यांनी मिळालं. वाचून झाल्यावर मी पुन्हा चाकाखाली जाऊन आडवा झालो. दुसरं काय करणार होतो?

गावात चौकशी झाली.

"विमान चालवत व्हतास का रं?"

"न्हाई. दुरुस्त करायचो."

"मग हितं काय दुरुस्त करणार गड्या? मोट?"

सगळे हसले. मीही हसलो. सहा महिन्यांत माझं हसू संपलं, त्यांचं नाही. भावानं कधी वाकडा शब्द काढला नाही. वहिनीही भली बाई. पण जेवायची वेळ झाली की ती आधी मुलांना हाक मारायची, मग भावाला, आणि मग इकडंतिकडं बघून विचारायची, "भावजी बी हायती न्हवं?" तिच्या मनात काही नव्हतं. मला मात्र तो प्रश्न रोज लागायचा. दिवाळी झाल्यावर मी ट्रंक उचलली आणि सांगलीजवळ माधवनगरला जाऊन एका कापडगिरणीत इंजिनखात्यात लागलो.

गिरणीच्या चाळीत खोली मिळाली. एक खाट, एक ट्रंक, एक स्टो. सहा दिवस गिरणीच्या आवाजात निघून जायचे. रविवारी भोंगा व्हायचा नाही आणि मला भलत्याच वेळी जाग यायची. मग दिवसभर मी स्टो साफ करायचो. तो स्टो इतका साफ होता की त्यात तोंड दिसलं असतं. बघावंसं काही त्या तोंडात नव्हतं.

मागखात्याचे मास्तर एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पंचावन्न-छप्पन्नचे असतील. उंच, वाळके, काळी टोपी, कोटाच्या खिशात फूटपट्टी. कमी बोलणारा माणूस म्हणून गिरणीत प्रसिद्ध.

"तुम्ही विमानदलात होतात म्हणे," ते म्हणाले. "रविवारी तुमच्याकडे वेळ असतो का?"

लष्करात मला नंबर होता, गावात 'रं' होतं. मला 'तुम्ही' म्हणणारा हा पहिला वडीलधारा माणूस. आणि विचारतोय काय, तर रविवारी वेळ असतो का! रविवारी माझ्याकडे वेळाशिवाय दुसरं काही नसायचं.

त्यांच्या घरामागं पत्र्याची शेड होती. मला वाटलं, हौस म्हणून काही खेळण्यासारखं करून ठेवलं असेल. दार सरकवलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. आत विमान होतं. एका माणसाचं, लहानसं, पण सगळ्या अंगानं विमान. लाकडी सांगाडा त्यांनी स्वतः रंधलेला. पंखांवरचं कापड स्वतःच्या देखरेखीखाली मागावर विणून घेतलेलं. नकाशे एका इंग्रजी मासिकातले, कात्रणं चिकटवून चिकटवून कडक झालेली. इंजिन आणि चाकं लढाईनंतर लष्करानं पुण्याकडं लिलावात काढलेल्या मोडीतली. त्या चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. सात वर्षं त्यांनी एकट्यानं हे केलं होतं, आणि ब्रेकपाशी येऊन अडले होते.

"बाकीचं लाकूड आणि कापड आहे, ते मला कळतं," ते म्हणाले. "हे तेलाचं प्रकरण कळत नाही."

घरामागच्या माळावर विमान पळवायचं, असा त्यांचा बेत होता. माळ गिरणीचा. मालकांनी पुढच्या दिवाळीपर्यंत वापरू दिला होता. त्यानंतर तिथं कामगारांच्या चाळींचा पाया खणायचा होता. आजूबाजूला सगळी उसाची आणि कापसाची रानं, दुसरी मोकळी जागा नव्हती. माळाच्या टोकाला पडीक दगडाची खाण होती, दोन पुरुष खोल. म्हणून ब्रेकशिवाय चाक हलवायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलेलं.

"किती उंच न्यायचं मास्तर?" मी विचारलं.

त्यांनी हात कमरेपर्यंत नेला. "एकदा चाकं जमिनीवरून सुटलेली मला आत बसून कळली पाहिजेत. तेवढंच. मग मोडून ठेवलं तरी चालेल."

मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात त्यांची थोरली बहीण होती, विधवा. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. घराणं कोष्ट्यांचं, त्यामुळं आक्कांचा जन्म मागाच्या खटखटीत गेलेला. विमानाबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. "ह्याचं डोकं फिरलंय, पर हात चांगला हाय," असं त्या म्हणायच्या. पहिल्या रविवारी मी काम संपवून हात पुसत होतो, तर त्या मागच्या दारातून म्हणाल्या, "फिटर, पान वाढलंय." कुणी तिथं आहे की नाही, असं त्यांनी विचारलं नाही. बाजरीची भाकरी होती, डाळवांगं आणि लसणाची चटणी. मी चार भाकरी खाल्ल्या आणि खोलीवर येऊन भिंतीकडं बघत बसलो. खोली सकाळी होती त्यापेक्षा लहान वाटली.

ब्रेकचं तेल मी घरीच केलं. एरंडेल आणि स्पिरिट. हसू नका, तेव्हा कंपन्याही एरंडेलावरच ब्रेकचं तेल करत. कारण त्या ब्रेकच्या आतल्या वाट्या अस्सल रबराच्या, आणि अस्सल रबराचं आणि खनिज तेलाचं हाडवैर. रॉकेल म्हणा, मशीनचं तेल म्हणा, थोडंसं जरी आत गेलं तरी रबर फुगतं आणि ब्रेक आवळून बसतो. मास्तरांना मी हे पहिल्याच दिवशी बजावलं. आक्कांना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांचा ब्रेकशी काय संबंध?

नळ्या साफ करणं, वाट्या बसवणं, जोड आवळणं यात संक्रांत होऊन गेली. मग हवा काढायला सुरुवात केली. मास्तर वर बैठकीत, मी खाली. मध्ये लाकूड आणि कापड.

"दाबा!"

"दाबलं!"

"धरा!"

मिलमध्ये तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस 'दाबलं' मात्र शाळेतल्या हजेरीसारखं ठणठणीत म्हणायचा. दोन-तीन तास आम्ही असे एकमेकांना हाका मारायचो. आठवडाभर मला कुणी एवढं उत्तर दिलेलं नसायचं.

माघातल्या एका रविवारी बुडबुडे संपले. काचेच्या बरणीत नुसतं तेल येत होतं, स्वच्छ, एकसंध. मी निपल बंद केलं.

"पेडल कडक लागतंय, फिटर," वरून मास्तर म्हणाले. "झालं का?"

झालं होतं. चार वर्षं हेच काम केलेल्या माणसाला कळणार नाही होय? माझ्या तोंडात 'झालं' हा शब्द आला होता. तेवढ्यात घरातून भाजणीचा वास आला, आणि पुढचा रविवार माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. खाट, ट्रंक, स्टो.

"न्हाई मास्तर," मी म्हणालो. "हवा हाय अजून. बारीक हवा असती ती. आता कडक लागतंय, पर उन्हात फुगली की दगा देती."

"असं होय," मास्तर म्हणाले. "तुम्ही सांगाल तसं."

खोटं बोल पण रेटून बोल, असं म्हणतात. मी रेटलं. पुढच्या रविवारी एक जोड उकलून पुन्हा केला. त्याच्या पुढच्या रविवारी एक धडधाकट नळी बदलली. आणि एकदा तर, लिहितानाही लाज वाटते, 'सोडा' आधी म्हटलं आणि निपल मागून बंद केलं. नळीनं हवा ओढली आणि मग मास्तरांना बरणीत दाखवायला खरे बुडबुडे मिळाले. ते खाली उतरून उकिडवे बसले आणि चष्मा वर करून बुडबुडे बघत राहिले. "तुमचं बरोबर होतं," म्हणाले. त्या दिवशी आक्कांनी केलेली शेंगदाण्याची पोळी मला गोड लागेना. तरी मी दोन खाल्ल्या.

गिरणीत थट्टा चालायची, 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.' मास्तर हसून म्हणायचे, "आमचे फिटर पक्के आहेत. घाई करत नाहीत." वैशाखात मात्र त्यांनी विचारलं, "पावसाच्या आत होईल का?" मी म्हणालो, "हुतंय." आणि केलं नाही. मग पाऊस लागला, माळ काळ्या चिखलाचा झाला आणि विमान शेडमध्येच राहिलं.

त्या पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला. गिरणीत पेढे वाटले. नागपंचमीला अर्धी चाळ शिराळ्याला गेली, तेव्हा मी आक्कांकडं पुरणाची दिंडं खाल्ली. पावसात ब्रेकचं काही काम नव्हतं, तरी मी जायचो. चाकं फिरवून बघायचो, तेल हलवून बघायचो, डोकं हलवायचो. आक्का दाराशी बसून विचारायच्या, "आजून बिघडल्यालंच हाय व्हय रं त्ये?" मी 'व्हय' म्हणायचो. डॉक्टर आजाऱ्याच्या घरी जातो तसा माझा रुबाब.

भाद्रपदात एका संध्याकाळी मास्तर माझ्याबरोबर माळापर्यंत चालत आले. चिखल वाळत होता. त्यांनी टाच रुतवून जमीन बघितली. "दसऱ्याला कडक होईल," ते म्हणाले. "दिवाळीनंतर इथं खणतील. पंधरा-वीस दिवस मिळतात मधे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मिळतील ना, फिटर?"

त्या रात्री मला स्वतःची किळस आली. पुढच्या रविवारी मी एका बैठकीत सगळी हवा काढली आणि वरून काही विचारायच्या आत ओरडलो, "झालं मास्तर! हवा न्हाई!" ते घाईघाईनं खाली उतरले आणि माझा तेलकट हात दोन्ही हातांत धरून हलवत राहिले. दसऱ्याला सकाळी विमान पळवायचं ठरलं. मी मनाशी म्हणालो, सुटलो. फार तर पोटाला चिमटा बसेल, पण या माणसाचं काम होईल.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. कोष्ट्यांच्या घरी त्या दिवशी माग बंद. आडवं सूत नेणारा धोटा धुऊन देवापुढं ठेवायचा, मागाला झेंडू वाहायचे आणि एकेक सांध्यात नवं तेल घालायचं. गिरणीतली यंत्रंही त्या दिवशी अशीच पुजली जातात. मी संध्याकाळी गेलो तेव्हा शेडमध्ये विमानालाही झेंडूची माळ होती. मास्तर आत बसून लहान मुलासारखे पेडल दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. मला फार बरं वाटलं. मी काही तपासलं नाही.

दसऱ्याला सकाळी आम्ही विमान ढकलायला लागलो. हलेना. खाली दगड अडकला असेल म्हणून बघितलं, दगड नव्हता. चाकं आवळली होती. मी ब्रेकतेलाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि वास घेतला. मागाचं तेल. पेडलखालचा पंप उकलला, तर आतली रबरी वाटी भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगलेली.

आक्का आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. आमची तोंडं बघून त्यांनी ताट खाली ठेवलं.

"काल म्या घातलं तेल," त्या म्हणाल्या. "मागाचं, नव्या डब्यातलं. कवाधरनं ऐकतीया, ब्रेक बिघडलाय, ब्रेक बिघडलाय. म्हटलं, मशीन रुसलं असंल. मागाला देतो तसं ह्यालाबी मायेनं द्यावं. वाईट झालं का रं?"

मास्तरांनी टोपी काढून शेडच्या खुंटीला अडकवली आणि घरात गेले.

वाट्या सगळ्या गेल्या होत्या. मी मुंबईच्या दुकानदारांना पत्रं टाकली. पुण्याला जाऊन आलो, लष्करी मोडीचा लिलाव केव्हाच संपला होता. सायकलच्या ट्यूबमधून वाट्या कापून बघितल्या, दाबाखाली फाटल्या. दिवाळी आली आणि गेली. मुंबईचं उत्तर आलं तेव्हा माळावर चुन्याच्या रेघा पडल्या होत्या.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी गेलो. मागं माळावर कुदळींचा आवाज चालू होता. घरात दोघं दोन खोल्यांत बसलेले. मास्तर बहिणीला एक शब्द लावून बोलले नव्हते, पण दसऱ्यापासून दुसराही कुठला शब्द बोलले नव्हते. आक्का चुलीपाशी होत्या. "माझ्या हातानं वाटोळं झालं रं," त्या मला म्हणाल्या. "सात वर्सं. आन् माझ्या हातानं." त्यांचा चेहरा लहान झाला होता. तीन आठवड्यांत माणूस इतका वाळतो, हे मी कधी बघितलं नव्हतं.

गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मी मधल्या दारात उभा राहिलो, म्हणजे दोघांनाही ऐकू जाईल असा.

"आक्कांचं काय चुकलं न्हाई," मी म्हणालो. "ब्रेक माघातच झालं हुतं. हवा नव्हती. म्या खोटं बोललो. तवाच विमान पळालं असतं."

मास्तर उठून दाराशी आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"माघात मला कडक लागलं होतं," ते सावकाश म्हणाले. "दर वेळी लागायचं. पाय माझा होता. पण मी म्हटलं, हा चार वर्षं लढाईत राहिलेला माणूस आहे, आपल्या पायाला काय कळतंय. तुमच्यापुढं मी माझा पाय खोटा ठरवला, फिटर."

अजूनही ते मला 'तुम्ही'च म्हणत होते. ते मला सहन झालं नाही.

ते मग आक्कांकडं गेले आणि त्यांच्याजवळ पाटावर बसले. "आक्का, पाणी दे," म्हणाले. दसऱ्यानंतर ते बहिणीशी पहिल्यांदा बोलले असावेत, कारण आक्कांनी तांब्या उचलला आणि तो हातात तसाच धरून त्या रडायला लागल्या. मी जायला वळलो.

"थांब," आक्का पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "का केलंस रं असं?"

जमिनीकडं बघून जे खरं होतं ते सांगितलं. "काम संपलं असतं तर हितं यायला मिळालं नसतं."

आक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. "एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "आरं, ताकाला येऊन भांडं कशाला लपवायचं? नुसतं यायचं हुतंस. कुणी नको म्हटलं असतं?"

मास्तरांनी मान डोलावली. मग आक्का उठल्या आणि त्यांनी तीन पानं घेतली. मी जेवलो. निघताना मास्तर फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "रविवारी या." त्यात राग नव्हता. मी नीट ऐकलं होतं, राग नव्हता.

पुढच्या रविवारी मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघालो. त्यांच्या घराच्या वळणापर्यंत गेलो. तिथून फाटक दिसत होतं आणि आक्का अंगणात काहीतरी निवडत बसलेल्या दिसत होत्या. गेल्यावर काय म्हणायचं, ते मी वाटेत जुळवत आलो होतो. काही जुळलं नव्हतं. हाताला काम नसताना कुणाच्या दारात उभं कसं राहायचं, बसल्यावर हात कुठं ठेवायचे, आलो म्हणून काय सांगायचं, यातलं मला काहीच येत नव्हतं. थोडा वेळ मी तिथं उभा राहिलो, आणि त्यांनी मान वर करायच्या आत परत फिरलो.